नदीवरची बोट कंपनी जगते कशावर? कलकत्ता–दिब्रुगडचा इतिहास आणि ठाण्याची खाडी

ऐरोलीच्या एका वाचकाने विचारलं आहे: ‘कल्याण–ठाणे–वसई जलमार्गाच्या घोषणा कित्येक वर्षं ऐकतोय. मध्येच एखादी वॉटर टॅक्सी सुरू होते आणि मग दिसेनाशी होते. आपल्या देशात नदीवर बोटी चालवून नीट पैसा कमावलेली मोठी कंपनी कधी होती का? असेल तर ती गेली कुठे?’

होत्या, आणि चांगल्या दणदणीत होत्या. इंडिया जनरल आणि रिव्हर्स स्टीम या कलकत्त्याच्या दोन कंपन्यांनी गंगा-ब्रह्मपुत्रेवर शंभर-सव्वाशे वर्षं धंदा केला. शेजारच्या ब्रह्मदेशातल्या इरावती फ्लोटिला कंपनीचा ताफा तर नदीवरचा जगातला सर्वांत मोठा मानला जायचा. माझी उमेदीची वर्षं धरमतरच्या खाडीत बार्जवर गेली. खलाशी म्हणून चढलो, सारंग (खलाशांचा आणि बोटीचा प्रमुख) झालो, पुढे फर्स्ट क्लास मास्टरचं तिकीट घेतलं. काही काळ ब्रह्मपुत्रेवर काम करण्याचा योगही आला आणि तिथेच या जुन्या कंपन्यांच्या इतिहासाची ओढ लागली. आता कोलशेतला राहतो आणि खाड्यांच्या खोलीमापनाची कामं करतो. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे, उत्तर लांबेल.

या कंपन्यांबद्दल बोलताना लोक बोटी मोजतात. मी आधी वाट बघतो. पाण्याखालची, दर पावसाळ्यानंतर बदलणारी वाट कोण सांभाळत होतं, आणि तिचा खर्च कुठल्या मालावर निघत होता? या दोन प्रश्नांची उत्तरं असेपर्यंत कंपन्या चालल्या.

गंगेवर नियमित आगबोट आणली ती सरकारने. १८३४ मध्ये ‘लॉर्ड विल्यम बेंटिंक’ ही लोखंडी आगबोट कलकत्ता–अलाहाबाद मार्गावर आली. तिची रचना आजही शिकण्यासारखी आहे. इंजिन आणि कोळसा एका बोटीत, माणसं आणि माल मागे ओढायच्या बिनइंजिनाच्या फ्लॅटमध्ये. सगळं एकाच बोटीत भरलं असतं तर ती खोल बसली असती आणि पहिल्याच वाळूच्या पट्ट्यावर अडकली असती. वजन दोन ठिकाणी वाटलं की दोन्ही उथळ पाण्यात तरतात. शिवाय पुढची बोट रुतली तर फ्लॅट सोडून देता येतो. आजचा टग आणि बार्ज म्हणजे तीच कल्पना. अलाहाबादपर्यंत चढून जायला सुमारे तीन आठवडे लागत. उन्हाळ्यात भागीरथी आटली की आधी खाली सुंदरबनात उतरून, मोठा वळसा घालून गंगेत शिरावं लागे. भाडं इतकं चढं होतं की सरकारी खजिना, साहेब लोक, नीळ, रेशीम असाच किमती माल परवडायचा.

१८४४ मध्ये या धंद्यात खाजगी कंपनी उतरली, ती इंडिया जनरल स्टीम नॅव्हिगेशन. तिच्यामागे द्वारकानाथ टागोरांची कार, टागोर आणि कंपनी ही पेढी होती. द्वारकानाथ म्हणजे रवींद्रनाथांचे आजोबा. १८६२ मध्ये रिव्हर्स स्टीम नॅव्हिगेशन कंपनी आली. पण तोवर गंगेवरच्या धंद्याला सुरुंग लागला होता. १८५३ मध्ये बोरीबंदरहून आपल्या ठाण्यापर्यंत गाडी धावली, पुढच्याच वर्षी हावड्याहून हुगळीपर्यंत. १८६० मध्ये रेल्वे राजमहालला गंगाकाठी पोचली आणि १८६२ च्या अखेरीस बनारससमोर. तीन आठवड्यांची वाट दोन दिवसांवर आल्यावर वरच्या गंगेतल्या आगबोटीत कोण बसणार?

इथे या कंपन्यांनी जो निर्णय घेतला त्याचं मला मोठं कौतुक वाटतं. रेल्वेशी भाडेयुद्ध करत त्या गंगेत बसून राहिल्या नाहीत. जिथे रूळ टाकणं अवघड होतं त्या पूर्व बंगाल आणि आसामकडे त्यांनी तोंड वळवलं. आसामात चहाचे मळे वाढत होते, बंगालात ताग. चहाच्या पेट्या आणि तागाच्या गासड्या खाली यायच्या. वर जाताना तांदूळ, मीठ, रॉकेल, पत्रे आणि मळ्यांची यंत्रं. दोन्ही दिशांना पोटभर माल, ही या धंद्यातली सर्वांत मोठी चैन. आम्ही धरमतरला भरलेलं बार्ज वर नेतो आणि रिकामं खाली आणतो. परतीच्या त्या फेरीचं डिझेल कुठल्या खात्यात टाकायचं, हा प्रश्न बार्जच्या प्रत्येक मालकाला पडतो.

आणि रेल्वे? तिच्याशी त्यांनी सोयरीक केली. ईस्टर्न बेंगाल रेल्वे १८७१ मध्ये पद्मा आणि जमुनेच्या संगमावर गोआलंदोला पोचली. (बंगालात शिरल्यावर ब्रह्मपुत्रेला जमुना म्हणतात.) रात्री कलकत्त्याहून सुटलेली गाडी पहाटे घाटावर, समोर आगबोट वाफ धरून उभी. तिथून कोणी नारायणगंज-ढाक्याला, कोणी चांदपूरला, कोणी वर आसामात. काठ इतका ढासळायचा की हा घाट जवळजवळ दर वर्षी सरकायचा आणि त्याच्यामागे रूळही सरकवावे लागायचे. गोआलंदोच्या खलाशांची मोहरीच्या तेलातली झणझणीत कोंबडी बंगाल्यांच्या तोंडी अजून आहे, आणि ती मी खाल्ली आहे. १८८०च्या दशकात आसामात धुब्री ते दिब्रुगड रोजची टपाल बोट सुरू झाली. ब्रह्मपुत्रेसारख्या नदीत रोजची फेरी! हे वाक्य लिहितानाही मला त्या लोकांपुढे हात जोडावेसे वाटतात.

कारण ती नदी कशी आहे ते सांगायला हवं. पावसाळ्यात काठ दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की तिचे दहा फाटे होतात, आणि गेल्या वर्षी ज्या फाट्यातून बोट गेली तिथे यंदा गुडघाभर पाणी. मग वाट राखायची कशी? यंत्राने गाळ काढणं त्या काळी परवडणारं नव्हतं आणि काढलेला गाळ आठवड्यात परत भरला असता. उत्तर होतं बांबूचं. त्याला तिकडे बंदल म्हणतात. पावसाळा सरला की जिथे वाट उथळ होते आहे तिथे प्रवाहाला तिरके, ओळीने बांबू रोवायचे आणि त्यांना चटया बांधायच्या. पण चटई तळापर्यंत न्यायची नाही. पाण्याचा वरचा भागच अडवायचा, खालचा मोकळा ठेवायचा. वरचं स्वच्छ आणि वेगवान पाणी चटईला अडून वाटेकडे वळतं आणि वाटेचा तळ खरवडून खोल करतं. तळाशी रेती घेऊन वाहणारं पाणी चटईखालून निसटतं, मागे मंदावतं आणि रेती तिथेच टाकतं. नदीचंच बळ वापरून नदीची वाट खोल करायची. पुढच्या पुरात बांबू वाहून गेले तरी हळहळ नाही, कारण पूर ओसरल्यावर ते नव्याने लावायचेच असतात. राष्ट्रीय जलमार्गांवर आजही बंदल लावतात. ते मी जवळून पाहिले आहेत आणि चांगला बंदलवाला मला कुठल्याही अभियंत्याइतका मोठा वाटतो.

बंदलाच्या जोडीला दोन्ही बाजूंना खुणेचे बांबू, वरचेवर पाणी मोजणाऱ्या छोट्या बोटी, आणि ठरावीक टप्प्यापुरते पायलट. एकच माणूस साऱ्या नदीचा जाणकार असू शकत नाही. आपला टप्पा संपला की पायलट उतरतो आणि पुढच्याच्या हाती बोट देतो. पुढे गलहीवर, म्हणजे बोटीच्या नाकाशी, खलाशी बांबूने पाणी मोजत ओरडतो, वर सारंग ऐकतो. सारंग आणि खलाशी बहुतेक चितगाव, नोआखाली, सिल्हेटकडचे. यंत्रशाळाही कंपन्यांच्या स्वतःच्या होत्या. कलकत्त्याच्या गार्डन रीचला १८८४ मध्ये सुरू झालेला रिव्हर्स स्टीमचा छोटा कारखाना हीच आजच्या गार्डन रीच शिपबिल्डर्सची सुरुवात. आपल्या नौदलाच्या लढाऊ नौका तिथे बांधल्या जातात.

या दोन कंपन्या आधी एकमेकींच्या उरावर बसल्या होत्या. १८८९ मध्ये त्यांनी हातमिळवणी केली आणि लोक त्यांना ‘जॉइंट स्टीमर’ म्हणू लागले. एका बाजूला किलबर्न, दुसऱ्या बाजूला मॅकनील, असे दोन गोरे व्यवस्थापक. या थोरवीची काळी बाजूही सांगितलीच पाहिजे. देशी माणसाने या पाण्यात उतरायचं ठरवलं की काय व्हायचं, हे ज्योतिरिंद्रनाथ टागोरांनी अनुभवलं. रवींद्रनाथांच्या या थोरल्या भावाने १८८४ मध्ये ‘सरोजिनी’ नावाची आगबोट घेऊन खुलना–बारिसाल मार्ग धरला, पुढे आणखी बोटी घेतल्या. त्या मार्गावरच्या इंग्रज कंपनीने भाडं पाडलं, यांनीही पाडलं. बारिसालच्या तरुणांनी स्वदेशीच्या प्रेमापोटी घाटावर उभं राहून उतारू गोळा करून दिले. पण बोट भरून गेली तरी तिकिटाच्या पैशांतून कोळसाही सुटेना. शेवटी एक बोट बुडाली आणि पुरते कर्जबाजारी झालेले ज्योतिरिंद्रनाथ या धंद्यातून बाहेर पडले. इंग्रज कंपनीच्या गाठीला दुसऱ्या मार्गांचा नफा होता, यांच्या गाठीला एकच मार्ग. इतकाच फरक होता, आणि तो जीवघेणा होता.

दुसरी गोष्ट याहून वेदनादायक. ‘वर जाणारा माल’ म्हणून मी जे सांगितलं त्यात मळ्यांसाठी भरती केलेले मजूरही होते. छोटा नागपूर, बिहार, ओरिसा, तेलुगू मुलखातून आणलेली माणसं डेकवर दाटीवाटीने बसवून नेत. पटकीने बोटीवरच कित्येक दगावत. १९२१ च्या मे महिन्यात आसामातल्या चारगोला खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून घरी जायला निघाले आणि चांदपूरच्या घाटावर अडकले. २० मेच्या रात्री तिथल्या स्टेशनात त्यांच्यावर गुरखा शिपाई सोडण्यात आले. त्याच्या निषेधात आधी आसाम-बेंगाल रेल्वेचे कामगार आणि मग आगबोटींचे सारंग-खलाशी संपावर गेले. गोआलंदो, चांदपूरचे घाट ओस पडले. स्वतःच्या पोटावर पाय देऊन, परक्या मुलखातल्या मजुरांसाठी त्यांनी बोटी उभ्या केल्या. माझ्या पेशातल्या माणसांचा मला सर्वांत अभिमान वाटतो तो या घटनेत.

मग कंपन्या गेल्या कशाने? फाळणीने. आणि फाळणीने म्हणजे नेमकं कशाने, तेही पाहू. कलकत्त्याहून आसामला जाणारी पाण्याची वाट सुंदरबन, खुलना, बारिसाल, चांदपूर, गोआलंदो अशी जाते. १९४७ ला तिची दोन्ही टोकं भारतात राहिली आणि मधला सगळा भाग पूर्व पाकिस्तानात गेला. पहिली अठरा वर्षं बोटी कशाबशा पलीकडून जात राहिल्या. इकडे सरकारने उत्तर बंगालमधून आसामला रेल्वेचा जोडमार्ग टाकला, तो जानेवारी १९५० मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला आसामात प्रचंड भूकंप झाला. डोंगर ढासळून इतका गाळ नदीत आला की दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळच वर आला आणि पुढच्या काही वर्षांत शहराचा मोठा भाग नदीने गिळला. वरच्या टप्प्यातली वाट राखणं आणखी कठीण झालं. १९६२ मध्ये गुवाहाटीजवळ सराईघाटचा पूल झाला. आणि सप्टेंबर १९६५ च्या युद्धात पाकिस्तानने पाण्याची वाट बंद केली.

ज्या दिवशी मधला टप्पा बंद झाला त्या दिवशी बोटी शाबूत होत्या, सारंग हयात होते, कारखाना चालू होता. नव्हती फक्त वाट. १९६७ मध्ये रिव्हर्स स्टीम दिवाळखोरीत निघाली आणि केंद्र सरकारने त्याच साली सेंट्रल इनलँड वॉटर ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन काढून कारभार हाती घेतला. बांगलादेशाशी १९७२ मध्ये जलवाहतुकीचा करार झाला, वाट कागदावर उघडली. पण सात वर्षांत माल रेल्वे आणि ट्रककडे गेला होता आणि गेलेला माल परत आणणं हे नवा माल शोधण्यापेक्षा अवघड असतं. ते महामंडळ अखेरपर्यंत तोट्यात राहिलं आणि २०१६ मध्ये केंद्राने ते मोडीत काढलं. पलीकडे मात्र बांगलादेशाच्या महामंडळाने ‘ऑस्ट्रिच’, ‘महसूद’ अशा १९२०-३० च्या, बाजूच्या वल्ह्यांच्या चाकांनी चालणाऱ्या आगबोटी डिझेल इंजिन बसवून अगदी अलीकडेपर्यंत ढाका–खुलना मार्गावर चालवल्या. त्यांच्याकडे वाट होती, माणसं होती आणि नदी ओलांडण्यावाचून गत्यंतर नसलेला मुलूख होता.

इरावती फ्लोटिलाबद्दल थोडक्यात. १८६५ मध्ये ब्रिटिशांच्या लढाईतल्या जुन्या सरकारी आगबोटी विकत घेऊन ती सुरू झाली. बोटी स्कॉटलंडच्या डेनी कारखान्यात बांधायच्या, सुटे भाग रंगूनला आणून जोडायचे. भरभराटीत लहानमोठ्या सहाशेच्या वर बोटी आणि फ्लॅट. १८८५ मध्ये मंडालेवर चाल करून गेलेली इंग्रज फौज याच कंपनीच्या बोटींतून गेली, आणि परतीला त्यांच्याच ‘थूरिया’ या आगबोटीवर थिबा राजाला चढवलं. तोच थिबा राजा पुढे रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ मध्ये तिथेच वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस पाहणाऱ्यांनी त्या राजाचा प्रवास एका नदी-कंपनीच्या डेकवरून सुरू झाला हे ध्यानात ठेवावं. १९४२ मध्ये जपानी चालून आले तेव्हा बोटी त्यांच्या हाती लागू नयेत म्हणून कंपनीच्या माणसांनी स्वतःच्या हातांनी शेकडो बोटी बुडवल्या. स्वतःची बोट तळाची झडप उघडून बुडवणं सारंगाला काय वाटलं असेल, यावर मी लिहू शकत नाही. १९४८ मध्ये स्वतंत्र ब्रह्मदेशाने कंपनी सरकारजमा केली.

आता तुमच्या-माझ्या खाडीकडे. उल्हास नदी ठाण्याजवळ दुभागते. मोठा फाटा घोडबंदरवरून वसईला जातो आणि धाकटा, उथळ फाटा ठाण्याची खाडी होऊन वाशी, ट्रॉम्बेकडे. कल्याण हे प्राचीन बंदर, कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचं नाव येतं. शिवाजी महाराजांच्या आरमाराची पहिली जहाजं कल्याण-भिवंडीच्याच पाण्यात तयार झाली. पण १ मे १८५४ ला रेल्वे कल्याणला पोचली आणि गंगेचीच कथा इथे छोट्या प्रमाणात घडली. फरक एवढाच की आपल्याकडे वळायला आसाम नव्हता. गलबतं कौलं, विटा, गवत, रेती वाहत राहिली. शेवटी रेतीच उरली, आणि सक्शन पंपांनी ती इतकी ओरबाडली की खाडीच्या तळाला कुठे खड्डे आणि कुठे उंचवटे झाले. २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या जलमार्गांत आपला कल्याण–ठाणे–मुंबई हा राष्ट्रीय जलमार्ग ५३ आहे, लांबी १४५ किलोमीटर. लांबीवर जाऊ नका, खोलीवर जा.

आमच्याकडे उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं. भरतीला जिथून मोठी लाँच आरामात जाईल तिथे ओहोटीला चिखलात बगळे उभे असतात. आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज साडेआठला पाणी आहे तर आठवड्याने त्याच वेळी नाही. बार्जला हे चालतं, कारण कोळशाला ऑफिस गाठायचं नसतं. आम्ही भरती धरून वर जातो आणि पुढच्या पाण्याला परत येतो. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल वर्षानुवर्षं अंबा नदीतून असाच जातो. तिथे एक बांधलेलं गिऱ्हाईक आहे, ते वाटेचा खर्च उचलतं, म्हणून ती वाहतूक टिकली. माणसांचं तसं नाही. ओहोटीलाही बोट तरंगेल इतकी खोल वाट कायम राखली नाही तर वेळापत्रकच करता येत नाही, आणि वेळापत्रक नसलेल्या बोटीला रोजचा उतारू दुसऱ्या आठवड्यात सोडून जातो. बोटी सुरू होऊन बंद पडतात त्याचं, माझ्या मते, हे पहिलं कारण आहे. तिकीट महाग असणं हे दुसरं.

तिसरं कारण धक्क्यावरून उतरल्यावर. गोआलंदोला बोटीसमोर गाडी उभी असायची. कोलशेतच्या किंवा बेलापूरच्या धक्क्यावर उतरलेल्या माणसाला स्टेशनपर्यंत रिक्षा शोधावी लागली तर त्याने पाण्यावर वाचवलेली वीस मिनिटं तिथेच संपली. उलट मांडवा रो-रो (गाड्यांसकट माणसं नेणारी बोट) मार्च २०२० पासून चालू आहे आणि भाईंदर–वसई रो-रो २०२४ पासून, कारण माणूस आपली गाडी घेऊनच चढतो आणि रस्त्याचा मोठा वळसा खरोखर वाचतो. बोट जिथे वळसा वाचवते तिथे टिकते. वाशीचा पूल १९७३ मध्ये झाला, ऐरोलीचा १९९९ मध्ये. त्या पुलांना समांतर बोट चालवण्यात मला अर्थ दिसत नाही. भिवंडी–काल्हेर ते ठाणे, डोंबिवली ते ठाणे, नागला बंदरापासून वसईच्या बाजूला, इथे रस्ता रोज तुंबतो आणि पाणी मोठ्या फाट्याचं आहे. मला वाटतं, उतारूंची सुरुवात तिथून व्हावी.

वेगाच्या मोहात कोणी पडू नये, हेही आग्रहाने सांगतो. अरुंद खाडीत जोरात गेलेल्या बोटीच्या लाटा खारफुटीचा काठ कापतात आणि कोळ्यांची होडी उलटवू शकतात. दिवाळे, वाशीगाव, चेंदणी, काल्हेर इथल्या कोळी-आगरी माणसांना कुठे तळ बदलला हे कुठल्याही नकाशाआधी कळतं. जॉइंट स्टीमरवाल्यांनी काठावरच्या माणसांतूनच पायलट घेतले, टप्प्याटप्प्याने. आपल्या योजनांमध्ये या माणसांचा उल्लेख बहुधा नुकसानभरपाईच्या रकान्यात येतो. तो पगारपत्रकात यायला हवा.

तुम्ही विचारलंत म्हणून शेवटी एक कामाची गोष्ट. पुढच्या वेळी या जलमार्गाची जाहीर बैठक झाली तर बोटी किती घेणार हे विचारू नका. ओहोटीला सर्वांत उथळ जागी किती मीटर पाणी राखणार, पावसाळ्यानंतर दर वर्षी मोजणी कोण करणार आणि गाळ काढायचा खर्च पहिली पाच वर्षं कुठल्या खात्यातून येणार, हे तीन प्रश्न लेखी द्या. काशेळी आणि कळवा पुलांखाली भरतीला किती उंची उरते, हा चौथा. उत्तरं मिळाली तर मलाही कळवा. मोजणी पडताळून पाहायला मी माझी होडी घेऊन येईन.